विमान ओढ्याकडेच का वळलं?

१

साहेब, तुमच्या अहवालात खोटं लिहिलंय. तुमचं नाव घेत नाही, कारण नावानं काही फरक पडत नाही. खुर्ची तीच राहते, वरचा माणूस तेवढा बदलतो. वडिवळ्याच्या माळावर तुम्ही आलात, तेवीस मिनिटं थांबलात (फाटकावरच्या वहीत यायची वेळ आहे तशी जायचीही आहे), चहा घेतलात आणि अकराव्या दिवशी चार पानं टाइप करून पाठवलीत. तिसऱ्या पानावरचं वाक्य असं:

"डाव्या बाजूने जोराचा वारा असताना, उंची कमी असलेल्या महिला वैमानिकास विमानावर ताबा ठेवता आला नाही व विमान उजवीकडे वळून ओढ्यात गेले."

या एका वाक्यात एक गोष्ट खरी आहे, एक निर्लज्ज आहे आणि एक अशक्य आहे. कुठली कुठली, ते बघायला कामशेतच्या एका म्हाताऱ्याला यावं लागलं, ज्यानं जन्मात विमानाला हात लावला नव्हता.

याह्या तांबोळी त्यांचं नाव. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची अकरा वर्षं काम एकच: कुठं बस धडकली, उलटली, खड्ड्यात गेली की तिथं जायचं आणि का गेली ते सांगायचं. माणूस तुसडा. समोरच्यानं "बहुतेक" म्हटलं की यांचं डोकं फिरायचं.

तेजल केदारी अहवाल घेऊन आली तेव्हा ते ओट्यावर शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसले होते आणि तो आधी ज्यानं दुरुस्त केला त्याचा उद्धार चालला होता. तेजलचे वडील एसटीत ड्रायव्हर. ते गेले तेव्हा ही दहावीत होती. पुढं शिष्यवृत्त्या, शिकवण्या, काय काय करून पोरगी विमान चालवायला शिकली आणि गेली दोन वर्षं वडिवळ्याच्या माळावरच्या फ्लाइंग क्लबात दुसऱ्यांना शिकवत होती. कामशेतच्या बाजारात लोक तिच्याकडं बोट करून पोरींना दाखवायचे.

याह्याभाईंनी चारही पानं दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"उंचीचा काय संबंध?"

"पाय पेडलवर पोचत नाहीत म्हणे. काका, मी उशी घेऊन बसते. दोन वर्षं बसते. नऊशे वेळा उतरवलंय मी ते विमान."

मंगळवारी सुनावणी होती. शिकवायचं लायसन काढून घेणार, असं तिला आधीच कळवलं होतं. म्हणजे निकाल पहिला आणि सुनावणी नंतर. एकदा असा शेरा बसला की दुसरा कुठलाही क्लब दारात उभा करत नाही. हे सांगताना ती रडली नाही, आणि त्याचंच याह्याभाईंना जास्त लागलं.

विमानातलं आपल्याला कळत नाही, असं त्यांनी सांगून बघितलं. तेजल म्हणाली की उतरल्यावर ती गाडीच असते, चाकं असलेली. आणि हे एकदाच घडलेलं नव्हतं. पहिल्यांदा पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ चालवत होते, नुसतीच गिरकी बसली, हसण्यावारी गेलं. दुसऱ्यांदा तेजल होती, चाक गवतात रुतलं, वाचली. तिसऱ्यांदाही तेजलच, आणि विमान ओढ्यात.

"तिन्ही वेळा वळलं कुठं?"

"उजवीकडे. ओढ्याकडेच."

"वारा तिन्ही वेळा असाच होता? डावीकडनं?"

"नाही ना, काका. पहिल्या दोन वेळा वाराच नव्हता."

याह्याभाईंनी मिक्सर बाजूला ठेवला.

२

वडिवळ्याला जाईपर्यंत तेजलनं त्यांना ते विमान समजावलं. नेहमीच्या विमानाला नाकाखाली चाक असतं. याला पुढं पंखांखाली दोन चाकं आणि मागं शेपटीखाली तळहाताएवढं एक. वजन सगळं पुढच्या चाकांच्या मागं. "हातगाडी ओढली तर सरळ येते," ती म्हणाली, "पण मागून ढकलली आणि जरा वाकडी झाली, की मागचा भाग पुढं यायला बघतो. सगळी गाडी फिरते. तीच आमची गिरकी. म्हणून उतरून उभं राहीपर्यंत पायांनी सांभाळावं लागतं. वेग असेतो शेपटीचं सुकाणू काम करतं, वेग मेला की मग फक्त डावा-उजवा ब्रेक."

शेडमध्ये विमान ताडपत्रीखाली होतं. ट्रॅक्टरनं ओढून आणलेलं. डावा पंख टोकाला दुमडलेला, बाकी अंग धड. याह्याभाईंनी हात मागं बांधून दोन फेऱ्या मारल्या. तोवर क्लबचा मॅनेजर संदेश आला. पुण्याचा, पांढरे बूट, बोलणं गोड.

"याह्याभाई, उगाच त्रास घेताय तुम्ही. धरणावरचा वारा आहे इथला, कुणालाही फसवतो. आणि मॅडम चांगल्या आहेत हो, पण..."

"पण काय?"

संदेशनं हसून खांदे उडवले. त्या "पण"चा याह्याभाईंना इतका राग आला की त्यांनी त्या क्षणी ठरवलं, हे प्रकरण तडीला न्यायचं.

त्यांनी तेजलला उभं करून विचारलं की ओढ्यात पडल्यापडल्या पहिलं काय आठवतं. चुकीचं असलं तरी चालेल. तिनं डोळे मिटले. पट्ट्याला लटकत होते, म्हणाली, इंजिन बंद केलं, पेट्रोलचा वास येतोय का बघितलं. पेट्रोलचा नाही आला. गोड वास आला, स्ट्रॉबेरीसारखा.

"माळावर स्ट्रॉबेरी?" संदेश म्हणाला. "हे सुनावणीत सांगू नका, मॅडम."

याह्याभाई मात्र हसले नाहीत. ते खाली वाकून चाकं बघत होते. उजवा टायर राखाडी, मातीनं भरलेला, कडेला बारीक भेगा. डावा टायर काळाभोर, पिकल्या जांभळासारखा चमकणारा. ओढ्यात पडून दोन आठवडे उलटून गेले तरी चमकत होता.

क्लबचा मेकॅनिक निलेश कोपऱ्यात नट मोजत होता. खरं तर मोजत नव्हता, तेच तेच हलवत होता. आंबीच्या कारखान्यात चार वर्षं काढून इकडं आलेला, हाताला वळण असलेला माणूस. याह्याभाईंनी त्याला विचारलं, डावा टायर कधी बदलला?

"न्हाई, चाचा. दोन्ही एकाच दिवशी बसवलेत. जूनमधी."

"मग हा असा का दिसतो?"

निलेशनं आधी संदेशच्या पाठीकडं बघितलं. संदेश फोन कानाला लावून बाहेर गेला तसा तो एकदम जवळ आला आणि हळूच म्हणाला, "चाचा, तुमी परवा या. शुक्रवारी सायेब पुण्याला असत्यात. पर त्ये डावं चाक उघडू नका म्हनावं तुमाला, आसं मला वाटतंय. उघडलं तर माजी नोकरी जाईल."

३

शुक्रवारपर्यंत वाट बघायची म्हणजे याह्याभाईंना शिक्षाच. त्यांनी तेजलला घेऊन ओढा ओलांडला. पलीकडं रतनबाईंचं खळं. भात झोडून झालं होतं, पेंढा रचून ठेवला होता, आणि बाई सूप मांडीवर घेऊन खडे निवडत होती. विमान पडलं तेव्हा सगळ्यात आधी धावली ती हीच. तेजलला तिनंच पट्ट्यातून सोडवलं.

याह्याभाईंनी वाऱ्याचं विचारलं. रतनबाईंना तो प्रश्नच वेडगळ वाटला.

"वारं व्हतं म्हनून तर मी भात वाऱ्यावर सोडीत व्हते, भाई. आदले चार दिस पान हालत नव्हतं. त्या सकाळी धरनाकडनं लागलं, म्हनलं आता घ्यावं उरकून. मी हितं उभी, सूप आसं वर, दानं पायाशी पडायचं आन् फोलपटं सगळी ओढ्याच्या उलट्या अंगाला. बगा अजून पडल्यात."

फोलपटांचा पिवळा पट्टा खरंच तिथं होता. धरणाकडून निघून बरोबर उलट्या दिशेला गेलेला. विमान उतरताना धरण डाव्या हाताला, ओढा उजव्या. म्हणजे वारा डावीकडूनच होता. अहवालातली खरी गोष्ट ती.

"आणि विमान?"

"इमान नीट आलं. चांगलं टेकलं, धावलं बी सरळ. मी म्हनलं आता थांबतंय. आन् थांबता थांबता गपकन असं फिरलं, जनू कुनी उजव्या अंगाला खुटीच मारली."

थांबता थांबता. याह्याभाईंनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ते धावपट्टीकडं तोंड करून उभे राहिले. कडेच्या खांबावर वारा दाखवणारी लाल-पांढरी कापडी नळी फडफडत होती.

"तेजल, वारा डावीकडनं आला तर तुझं विमान कुठं तोंड फिरवतं?"

"वाऱ्याकडे. डावीकडे." तिनं खांबाकडं बोट केलं. "ती नळी बघा. एक टोक धरलेलं, दुसरं मोकळं. मोकळं टोक वाऱ्याबरोबर जातं. विमानाची पुढची चाकं म्हणजे धरलेलं टोक आणि उंच शेपटी म्हणजे मोकळं. वारा शेपटीला उजवीकडे ढकलतो, मग नाक डावीकडे येतं. वाऱ्यानं फिरलं असतं तर मी धरणाच्या बाजूला गेले असते. ओढ्याकडे कशी जाईन?"

"हे त्या लोकांना सांगितलंस?"

"लिहून दिलं. चित्र काढून दिलं. 'नोंद घेतली' असं उत्तर आलं."

तर साहेब, अशक्य गोष्ट ती. वाऱ्यानं उलट दिशेला फिरणारं विमान तुम्ही शोधून काढलंत आणि त्याची नोंदही घेतलीत. याह्याभाई तिथंच बांधावर बसले आणि त्यांनी एका दमात तुमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. रतनबाई सूप हलवायचं थांबवून ऐकत राहिली.

मग शांत झाल्यावर ते म्हणाले, "बस अशी का ओढते माहीत आहे? दोन्ही बाजूंना सारखा ब्रेक मारलास, पण एकाच बाजूनं धरला, तर धरलेल्या बाजूला ओढते. तुझं उजवीकडे ओढलं. म्हणजे उजव्यानं धरलं." ते उठले. "आणि डावा सुटला. डावा कशानं सुटला ते आता बघायचं."

४

शुक्रवारी संदेशची गाडी कामशेतचा फाटा ओलांडून गेली तेव्हा टपरीवर बसलेले याह्याभाई ती बघूनच उठले. शेडमध्ये निलेश उभा होता, हातात पाना तयार. त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

"मी उघडतो, चाचा. तुमी उघडलं तर नट खराब कराल."

आधी उजवं चाक. ब्रेकची चकती स्वच्छ, दोन्ही पॅड एकसारखे झिजलेले, तपकिरी धूळ बसलेली. कुठल्याही चालत्या गाडीचं असतं तसं. मग डावं. चकतीवर एक पातळ, तुपकट थर. याह्याभाईंनी बोट फिरवलं, बोट घसरलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, कपाळाला आठी घातली आणि बोट रुमालाला पुसून रुमाल खिशात ठेवला. नंतर पॅड उन्हात धरले.

डाव्या पॅडवर आडव्या-उभ्या बारीक रेघा होत्या. पॉलिश पेपरच्या. उजव्यावर एकही नाही.

"निलेश, हे पॅड कुणीतरी घासलेत. आणि नुसते डावेच. ज्याला डाव्यातच दोष आहे हे आधीच माहीत होतं त्यानंच घासले. हे काम सफाईवाल्याचं नाही, मॅनेजरचं नाही, या पोरीचंही नाही. पॅड काढून घासून परत बसवायला इथं येतं कुणाला?"

निलेशनं पाना खाली ठेवला.

"घासलेस ते चांगलंच केलंस. पण ज्याला इतकं नीट काम येतं तो ते रजिस्टरमध्ये लिहितोच. आण ते रजिस्टर."

विमानाला केलेलं प्रत्येक काम त्या जाड वहीत लिहायचं असतं आणि ते वाचल्याशिवाय वैमानिकानं उडायचं नसतं. कागद एका बाजूनंच छापलेले, प्रत्येकावर एक आकडा. याह्याभाई शेवटच्या पानावरून मागं आले. त्रेचाळीस, त्यावर तेजलची सही, उडण्यापूर्वीची. खाली अपघातानंतरची दुसरी सही आणि शिक्का: "रजिस्टर तपासले. आक्षेप नाही." तो शिक्का तुमचा, साहेब.

त्रेचाळीसच्या मागचं पान एक्केचाळीस होतं.

मधल्या शिवणीत कागदाची एक बारीक झालर राहिली होती. तेजलनं ती बघितली आणि तिचा चेहरा पडला. आपण नेहमी शेवटचंच पान बघतो, मागं आकडा जुळतो का ते बघतच नाही, हे तिनं कुणी न विचारता कबूल केलं. याह्याभाई तिच्यावरही उखडले. चुकलीस, म्हणाले, पण तुझं काम उडवण्याचं, तपासायला जो आला त्याचं काम फक्त तपासण्याचं होतं.

निलेशनं मोबाईल काढला. दुसऱ्या गिरकीनंतर सोमवारी त्यानं चाक उघडलं होतं. तेलकट थर दिसला. ब्रेकच्या तेलाची गळती असेल म्हणून सगळे जोड तपासले, कुठंच गळत नव्हतं. त्यानं पॅड घासले आणि लिहिलं. लिहिलेल्याचा फोटो काढून संदेशला पाठवला. तो फोटो अजून त्याच्याकडं होता. पान बेचाळीस, त्याच्या ठसठशीत अक्षरात: "डाव्या ब्रेकवर तेलकट थर. साफ केला. कुठून येतो कळले नाही. कारण सापडेपर्यंत विमान उडवू नये."

खाली संदेशचं उत्तर: "Ok. वर बोलतो."

"दोन दिसांनी म्हनले, वरनं परवानगी आली. मी इचारलं न्हाई, चाचा. दोन लेकरं हायेत मला."

"संदेशनंच लावलं असेल मग ते तेल," तेजल म्हणाली.

"नाही," याह्याभाई म्हणाले. "त्याचा हात असल्या कामाला लागत नाही. तिन्ही वेळा वार कुठला होता?"

तेजलनं आठवून सांगितलं. तिन्ही वेळा रविवार. आणि तिन्ही वेळा त्या दिवसातलं पहिलंच उतरणं.

याह्याभाईंनी खिशातला रुमाल काढून तिच्या नाकाशी धरला. "हाच ना तो वास?"

तेजल दोन पावलं मागं सरली. स्ट्रॉबेरी.

५

शनिवारी दुपारी शेडमध्ये हिरा आली. चाळिशीची, बोलायला चटपटीत. आधी जुन्या हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरवर गाड्या धुवायची, लोणावळ्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. इथं विमानं पुसते. मोडकं विमान आता पुसायचं कारण नव्हतं, तरी तिनं बादली आणली होती, कारण तिला कुणी नको म्हणून सांगितलं नव्हतं.

याह्याभाईंनी तिला तिचं सामान दाखवायला सांगितलं. स्पंज, कपडे, शाम्पू आणि एक गुलाबी बाटली. टायर चमकवायचं पॉलिश. फवारा असलेली. झाकणावर स्ट्रॉबेरीचं चित्र.

"ही कधीपासून?"

"दसरा झाला तवापासनं. रविवारी पाव्हनं यायला लागलं ना, मालकाचं. संदेशसायबांनीच आनून दिली. म्हनले, हिराबाई, फोटोत चाक चमकलं पायजे."

"डावंच का चमकवलं?"

हिरा त्यांच्याकडं बघतच राहिली, इतकी सोपी गोष्ट या माणसाला कळू नये म्हणून. मग तिनं समजावलं. वॉशिंग सेंटरवर सीझनला गाड्यांची रांग लागते. सगळी चाकं करत बसलं तर दुपार होते. म्हणून गिऱ्हाईक हॉटेलातून ज्या बाजूनं येतं, त्या बाजूची चाकं पहिली. बाकीची जमली तर. "हितं पाव्हनं डाव्या अंगाला हुबं ऱ्हात्यात. मागं धरन येतं फोटुत. उजव्या अंगाला पत्र्याची भित, तिकडं कोन बघतंय?"

तर एवढं साधं होतं ते. शनिवारी डाव्या चाकावर फवारा. तो टायरवर बसायचा तसा आतल्या चकतीवरही बसायचा. मोटारीचं चाक मोठं, चकती आत झाकलेली. या विमानाचं चाक जेमतेम स्कूटरएवढं आणि चकती उघडी. पाहुणे आले नाहीत त्या रविवारी पॉलिश नाही, म्हणून काही घडलं नाही. सोमवार ते शुक्रवार नाही. फवारा मारला की पहिल्यांदा उतरताना डावा ब्रेक घसरायचा, उजवा धरायचा, आणि एकदा गरम झाला की थर बराचसा जळून जायचा. म्हणून निलेशला दुसऱ्या वेळी कारण सापडलं नाही आणि तिसऱ्या वेळी तुम्हाला ते शोधावंसं वाटलं नाही.

हिराला कळायला वेळ लागला नाही. तिनं बाटली खाली ठेवली, अशी की जणू ती फुटेल.

"म्हंजी तेजलताई माज्यामुळं पडल्या?"

"ब्रेकला हे लागू द्यायचं नसतं, असं तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुनीच न्हाई."

"मग तुझ्यामुळं नाही," याह्याभाई म्हणाले. "तुझ्यामुळं फार तर पहिल्या दोन गिरक्या. तिसरी बसली ती त्या पानामुळं."

६

संदेशनं फार आढेवेढे घेतले नाहीत. फोटो बघितल्यावर खुर्चीत बसला आणि पाणी प्याला. त्या रविवारी मालकाचे खास पाहुणे होते. विमान बंद आहे हे कळलं असतं तर मालकानं त्यालाच बंद केलं असतं. निलेशनं साफ तर केलंय, मग पान कशाला ठेवायचं, असं त्याला वाटलं. त्यानं ते फाडून घरी नेऊन जाळलं. हे सगळं तो असं सांगत होता की जणू सिग्नल तोडला.

"याह्याभाई, एका पानानं विमान पडत नाही."

"नाही पडत. पण त्या पानानं ते जमिनीवर राहिलं असतं."

मग संदेश जरा पुढं झुकून म्हणाला की पॉलिश तर हिरानं लावलंय. तिचं नाव द्या. तिला काय लायसन आहे जायला? तेजलचं वाचेल, निलेशचं वाचेल, सगळ्यांचंच वाचेल.

याह्याभाई उठून बाहेर आले. रागाच्या भरात त्यांना चप्पल सापडत नव्हती.

मंगळवारी सुनावणी झाली. टेबलावर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले चारही पॅड ठेवले, गुलाबी बाटली ठेवली, पान बेचाळीसचा फोटो ठेवला आणि शेजारी रजिस्टर उघडून ठेवलं. रतनबाई ठेवणीतली साडी नेसून आली होती. वारा कुठून होता ते तिनं न विचारताच सांगितलं. निलेशनं खाली मान घालून, पण सगळं सांगितलं. साहेब, तुम्ही याह्याभाईंना एवढंच विचारलंत की तुम्ही विमानतज्ज्ञ आहात का.

"नाही," ते म्हणाले. "मला फक्त आकडे मोजता येतात."

सतरा दिवसांनी सुधारित अहवाल आला. तेजल तो घेऊन पुन्हा त्याच ओट्यावर आली. वारा गेला होता. उंची गेली होती, ती निर्लज्ज गोष्ट, कुणी माफी न मागता. आणि त्यांच्या जागी नवीन वाक्य बसवलं होतं: "सफाई कामगार हिराबाई यांच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. व्यवस्थापनाचा दोष आढळून आला नाही." बेचाळिसाव्या पानाचा चारही पानांत उल्लेख नाही. हिराला क्लबनं त्याच सकाळी काढलं होतं. संदेश होता तिथंच होता.

सोबत एक छापील फॉर्म होता. वरील अहवाल मला मान्य आहे, खाली सही. सही करून पाठवली की लायसन परत.

याह्याभाईंनी अहवाल वाचून तिच्याकडं ढकलला. त्यांना वाटलं, सही कर म्हणावं. पोरीनं खूप सोसलंय, तिची चूक नाही हे आता कागदावर आहे, हिराचं नंतर बघू. आयुष्यात पहिल्यांदाच ते "बहुतेक" म्हणणार होते.

"दुसऱ्या गिरकीनंतरच्या दिवशी हिरा मला म्हणाली होती," तेजल म्हणाली, "ताई, तुमी उडता ना, म्हनून मी त्ये चाक दोनदा चमकवते."

तिनं फॉर्म उलटा केला. कोऱ्या पाठीवर, बापाच्या वळणाच्या मोठ्या अक्षरात, तिनं एकच ओळ लिहिली आणि खाली सही केली. तारीख घातली. याह्याभाईंनी साक्षीदार म्हणून सही केली, मग निलेशनं, मग रतनबाईनं अंगठा दिला. पाकीट रजिस्टर्ड पोस्टानं गेलं. पोच आली. उत्तर आलेलं नाही. लायसन तुमच्या कपाटात आहे आणि पोरगी जमिनीवर आहे.

ती ओळ तुमच्यासमोर आहे, साहेब. तीच पुन्हा विचारतो. तुम्ही ज्या रजिस्टरवर "तपासले" म्हणून शिक्का मारलात, त्यात एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस आहे. तर सांगा, एक्केचाळीसनंतर किती येतात? आकड्यात लिहा, अक्षरी लिहा आणि खाली सही करा. सही तर तुम्हाला येते.